बीट, साठ सेंटिमीटरचे रूळ आणि सैन्यातून सुटलेली इंजिनं: पितिव्हिए–तूरी ट्रामवेचं प्रकरण

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात फ्रान्समध्ये गावोगावच्या छोट्या रेल्वे आणि ट्रामवे यांचं जाळं वीस हजार किलोमीटरच्या आसपास पोचलं होतं. १९३० नंतर हे जाळं झपाट्याने उखडलं गेलं. मोटारबस आली, लॉरी आली, आणि जिल्ह्यांना तोट्याच्या लाइनी पोसणं परवडेनासं झालं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा उरल्यासुरल्या लाइनी शेवटच्या घटका मोजत होत्या. अशा काळात पॅरिसच्या दक्षिणेला बोसच्या पठारावर ३२ किलोमीटरची एक लाइन ३१ डिसेंबर १९६४ पर्यंत चालू राहिली. तिच्या रुळांमधलं अंतर फक्त ६० सेंटिमीटर होतं, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षाही एक सेंटिमीटर कमी. शेवटच्या वर्षांपर्यंत तिथे हंगामात वाफेची इंजिनं जुंपली जात होती.

या लाइनीचं नाव पितिव्हिए–तूरी ट्रामवे. तिच्यापेक्षा रुंद, तिच्यापेक्षा वेगवान आणि तिच्यापेक्षा जास्त पैसा ओतलेल्या कितीतरी लाइनी आधीच भंगारात गेल्या होत्या. मग हीच का टिकली? माझ्या मते याचं उत्तर मालात आणि इंजिनांत आहे. माल होता बीट, आणि इंजिनं होती दुसऱ्यांनी टाकून दिलेली. या दोन गोष्टींची सांगड तिथे अशी काही बसली की बाकीच्या सगळ्या उणिवा झाकल्या गेल्या.

जागा आणि माल

बोस हा फ्रान्सचा गव्हाचा पट्टा. जमीन सपाट, खाली चुनखडी, वर सुपीक माती, आणि नजर पोचेल तिथपर्यंत शेतं. पितिव्हिए हे लुआरे जिल्ह्यातलं बाजाराचं गाव. तूरी त्याच्या पश्चिमेला, शेजारच्या जिल्ह्यात, पण १८४३ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस–ऑर्लेआं या मुख्य रेल्वेमार्गावर. मधली उतारव्हिलसारखी गावं मोठ्या रेल्वेपासून लांब पडलेली होती. त्यांना जोडणारी लाइन १८९२ मध्ये सुरू झाली.

कायद्याच्या भाषेत तिला ट्रामवे म्हणत, कारण तिचे रूळ बऱ्याच ठिकाणी सडकेच्या कडेने जात. १८८० च्या फ्रेंच कायद्याने स्थानिक रेल्वे आणि ट्रामवे यांची व्यवस्था लावून दिली होती. सडकेची कडा वापरली की जमीन विकत घ्यावी लागत नाही, भराव-बोगदे नकोत, कुंपण नको. बांधणीचा खर्च एकदम उतरतो. त्याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. वळणं सडकेची, चढउतार सडकेचे, आणि गावातून जाताना घरांच्या दारासमोरून इंजिन न्यायचं, त्यामुळे गाडी हळूच चालवावी लागे.

प्रवासी होते, टपाल होतं, धान्य होतं. पण लाइनीचं पोट भरत होतं बीट. हे साखरेचं बीट, आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. पांढरट, मुळ्यासारखं निमुळतं आणि चांगलं वजनदार कंद. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्गे येणारी उसाची साखर अडली तेव्हा फ्रान्सने या पिकाकडे मोर्चा वळवला आणि मग ते तिथे कायमचं रुजलं. त्याचं गाळप होत नाही. बीटाच्या पातळ कापट्या करून गरम पाण्यात त्यातली साखर उतरवून घेतात. कारखान्याचं गणित मात्र आपल्या ऊसपट्ट्यातल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. शरद ऋतूत हंगाम सुरू होतो, कारखाना रात्रंदिवस चालतो, माल वेळेवर आला नाही तर बॉयलर नुसते तापत राहतात, आणि माल शेतात पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो. बीटाला आणखी एक भीती असते, ती थंडीची. गोठून पुन्हा वितळलेलं बीट सडू लागतं.

त्यात ओला हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात बोसच्या मातीचा चिखल होतो. कंदांना माती चिकटलेली, बैल-घोड्यांच्या गाड्यांची चाकं रुतलेली, आणि टनावारी माल पंधरा-वीस किलोमीटर ओढायचा. इतका जड आणि इतका स्वस्त माल लांबवर नेणं तेव्हा रुळांशिवाय शक्यच नव्हतं. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावच्या साखर कारखान्यालाही उसासाठी दोन फुटी रूळ घालावे लागले ते याच कारणाने.

साठ सेंटिमीटर आले कुठून

ही रुंदी आली तीच मुळी बीटाच्या शेतातून. पॅरिसच्या दक्षिणेला, सीन नदीकाठी, पती-बूर इथे देकोव्हिल कुटुंबाची मोठी शेती होती आणि बीटापासून मद्यार्क काढण्याची भट्टी होती. १८७५ च्या ओल्या शरद ऋतूत पीक उदंड आलं आणि ते शेताबाहेर काढायला वाट उरली नाही. पॉल देकोव्हिलने हलके रूळ आडव्या पट्ट्यांवर आधीच जोडून त्याचे तुकडे केले. माणसांनी उचलून चिखलावर टाकायचे, एकमेकांत अडकवायचे आणि वरून वाघिणी ढकलायच्या. पुढे शेती मागे पडली आणि याच रुळांचा कारखाना उभा राहिला. ‘देकोव्हिल’ हे नाव अशा छोट्या रेल्वेसाठी जगभर सामान्यनाम होऊन बसलं.

त्यानंतर सैन्य आलं. तोफखान्याचे अधिकारी प्रॉस्पेर पेशो यांनी किल्ल्यांभोवती तोफा आणि दारूगोळा हलवण्यासाठी ६० सेंटिमीटरची पद्धत विकसित केली आणि १८८८ मध्ये फ्रेंच सैन्याने ती स्वीकारली. तिचं सूत्र ठरलेलं होतं. पाच मीटरचा जोडलेला तुकडा माणसांना उचलता यावा आणि कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी सांधणाऱ्या दांड्यावर, साडेतीन टनांपेक्षा जास्त भार पडू नये. हा साडेतीन टनांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढची सगळी इंजिनं त्याच्याभोवती फिरतात.

लोकांसमोर ही रुंदी सिद्ध झाली १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात. आयफेल टॉवर ज्या प्रदर्शनासाठी उभा राहिला, त्याच प्रदर्शनात देकोव्हिलने तीन किलोमीटरची लाइन चालवली आणि सहा महिन्यांत साठ लाखांहून जास्त लोकांना त्यातून फिरवलं. जे काल शेतातलं खेळणं वाटत होतं ते आज प्रवासी वाहू शकतं, हे मंत्रालयाला डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर रोआयां, काल्व्हादोस आणि पितिव्हिए इथल्या सार्वजनिक लाइनी या रुंदीत बांधल्या गेल्या. बाकीच्या देशाने बहुतेक ठिकाणी एक मीटरची रुंदी पत्करली. त्यामुळे पितिव्हिए सुरुवातीपासूनच अपवादात मोडत होतं, आणि पुढे हाच अपवाद तिच्या पथ्यावर पडला.

छोट्या इंजिनाचा पेच

वाफेच्या इंजिनाची ओढ केवळ त्याच्या बॉयलरवर ठरत नाही. चाकं रुळावर घट्ट बसायला हवीत, आणि ती बसतात वजनाने. ढोबळमानाने चालक चाकांवर, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणाऱ्या चाकांवर, जितकं वजन, त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी ओढ भरवशाने मिळते. एका आसावर साडेतीन टनच टाकायचे असतील तर दोन आसांच्या इंजिनाला सात टनांवर भागवावं लागतं. म्हणजे ओढ जेमतेम दीड टनाची. जास्त ओढ हवी तर आस वाढवायचे. पण आस वाढवले की इंजिन लांबतं, आणि लांब ताठ इंजिन सडकेकडेच्या तीव्र वळणात रूळ फाकवतं किंवा स्वतःच घसरतं.

या पेचाला त्या काळात तीन तऱ्हांची उत्तरं निघाली आणि तिन्ही मला मनापासून आवडतात, कारण प्रत्येक उत्तरामागचा विचार वेगळा आहे.

पहिलं आनातोल माले यांचं. इंजिनाखाली चाकांचे दोन संच ठेवायचे. मागचा संच चौकटीला पक्का, पुढचा बिजागरीवर डावी-उजवीकडे फिरणारा. बॉयलरची जास्त दाबाची वाफ आधी मागच्या सिलिंडरांत वापरायची, तिथून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत पुन्हा कामाला लावायची. यात आणखी एक चतुराई आहे. जी नळी हलणाऱ्या भागाकडे जाते तिच्यात दाब कमी असतो, त्यामुळे सांधा गळण्याची भीती कमी. देकोव्हिलच्या मागणीवरून बेल्जियममधल्या त्युबीझच्या कारखान्यात अशी इंजिनं तयार झाली आणि १८८९ च्या प्रदर्शनात तीच धावली. पुढे अमेरिकेत याच तत्त्वावर शेकडो टनांची अजस्र इंजिनं बनली. सुरुवात मात्र साठ सेंटिमीटरवर झाली होती.

दुसरं उत्तर जर्मन. इंजिनाची चौकट ताठच ठेवायची, पण पहिला आणि शेवटचा आस पोकळ नळीत बसवून त्यांना थोडं सरकू-फिरू द्यायचं. ही क्लिएन आणि लिंडनर या सॅक्सनीतल्या अभियंत्यांची युक्ती. जर्मन सैन्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात या पद्धतीची चार आसांची अडीच हजारांच्या वर इंजिनं बनवून घेतली. साडेबारा टनांच्या आसपासचं हे इंजिन कच्च्या रुळावरही निभावून न्यायचं. माथेरानच्या घाटात पाऊणशेच्या आसपास वर्षं राबलेल्या ओरेनस्टाइन उंट कोपेल इंजिनांतही हेच क्लिएन-लिंडनर आस होते. नेरळहून वर जाणारी गाडी आणि बोसमधली बीटाची गाडी यांचं हे खरंखुरं यांत्रिक नातं आहे.

तिसरं उत्तर अमेरिकन, आणि पितिव्हिएच्या कथेत तेच सर्वांत रंजक. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्यानेही फ्रान्समधल्या आघाडीवर साठ सेंटिमीटरची रेल्वे घालायचं ठरवलं. ब्रिटनमधले कारखाने युद्धाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते, म्हणून मागणी अमेरिकेला गेली. बाल्डविन कंपनीने पुढे चार छोटी चाकं आणि मागे सहा चालक चाकं अशी जवळपास पाचशे इंजिनं धाडली. ती साडेचौदा टनांची होती, ताकदीची होती, पण उलटी चालवली की डगमगत आणि घसरत, कारण मागच्या बाजूला वाट दाखवणारं चाकच नव्हतं. आघाडीवर इंजिन फिरवायला टर्नटेबल कुठून आणणार? अल्को कंपनीच्या कुक कारखान्यात बनलेल्या शंभर इंजिनांनी हा दोष टाळला. मध्ये सहा चालक चाकं, पुढे एक मार्गदर्शक आस आणि मागेही एक. दोन्ही दिशांना सारखंच धावणारं इंजिन. टोकाला पोचलं की फक्त गाडीच्या दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि परत निघायचं. ट्रामवेला नेमकं हेच हवं असतं.

टाकून दिलेलं, पण अगदी मापाचं

युद्ध संपल्यावर हजारो किलोमीटर रूळ, वाघिणी आणि इंजिनं फ्रान्सच्या मातीत उरली. काही उद्ध्वस्त गावांच्या उभारणीत कामाला लागली, काही विकली गेली. बाल्डविनची काही इंजिनं थेट हिंदुस्थानात येऊन उत्तरेतल्या साखर कारखान्यांत रुजू झाली. जगात साठ सेंटिमीटर आणि साखर यांची गाठ वारंवार पडते ती अशी.

एक मीटरच्या रुंदीवरच्या शेजारी लाइनींना या मालाचा काही उपयोग नव्हता. पितिव्हिएला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत होता. नवं इंजिन घेणं कुठल्याही ग्रामीण ट्रामवेला जड जातं, कारण बीटाचा हंगाम तीनेक महिन्यांचा. बाकीचे नऊ महिने ते भांडवल शेडमध्ये गंजत उभं राहणार. नव्या इंजिनाचं व्याज वर्षभर चालू राहतं, तर जुनं इंजिन स्वस्तात मिळालं की ते तीन महिन्यांत आपली किंमत भरून काढतं आणि उरलेला काळ शांतपणे उभं राहिलं तरी कोणाचं नुकसान होत नाही. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक हिशेब हाच आहे. अभियांत्रिकीबद्दल लिहिताना आपण नेहमी उत्तम यंत्राकडे बघतो. इथे महत्त्वाचं ठरलं ते पुरेसं चांगलं आणि फुकटाच्या जवळपास मिळालेलं यंत्र.

अल्कोचं १९१६ मधलं एक इंजिन १९३५ मध्ये पितिव्हिएला आलं. त्याला ३-२३ असा क्रमांक मिळाला. पहिला आकडा चालक आसांचा. हे वर्ष बघा: बाकीच्या लाइनी रूळ उखडत होत्या त्याच सुमाराला ही लाइन इंजिन घेत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हीच गोष्ट पुन्हा घडली. जर्मन सैन्याने उत्तर फ्रान्समधल्या फ्रांको-बेल्ज कारखान्याकडून चार आसांची, मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडलेली युद्धकालीन इंजिनं मागवली होती. रुंदी बदलता येईल अशी त्यांची रचना होती. युद्ध संपलं आणि इंजिनांना मालक उरला नाही. त्यातली काही ४-१२, ४-१३ अशा क्रमांकांनी पितिव्हिएच्या शेडमध्ये दाखल झाली. म्हणजे एका साखरेच्या लाइनीवर ब्रिटिश सैन्यासाठी अमेरिकेत बनलेलं इंजिन आणि जर्मन सैन्यासाठी फ्रान्समध्ये बनलेलं इंजिन एकाच हंगामात बीट ओढत होती.

सपाट जमिनीनेही हात दिला. हलक्या रुळावर एक टन माल ओढायला समजा दहा किलोची ओढ लागते. चौदा टनांच्या इंजिनाची भरवशाची ओढ पावणेतीन टन धरली तर अगदी सपाटीवर ते कागदोपत्री पावणेतीनशे टन हलवेल. शंभराला एक असा चढ आला की प्रत्येक टनामागे आणखी दहा किलो लागतात आणि तीच गाडी निम्म्यावर येते. डोंगराळ कोरेझ किंवा व्हिव्हारेमध्ये ही छोटी इंजिनं थकून गेली असती. बोसमध्ये त्यांना त्यांच्या ताकदीचा पूर्ण मोबदला मिळाला.

त्रास नव्हता असं नाही. चुनखडीच्या प्रदेशातलं पाणी जड, आणि जड पाणी बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढवतं. तो थर उष्णता अडवतो, कोळसा जास्त लागतो आणि नळ्या लवकर जातात. बॉयलरची ठरावीक मुदतीची दाबचाचणी आलीच. नऊ महिने उभं राहिलेलं इंजिन हंगामाच्या तोंडावर पेटवायचं म्हणजे आधी साफसफाई, सांध्यांची तपासणी आणि सावकाश वाफ चढवणं. शेडमधल्या फिटर-फायरमन मंडळींनी हे काम वर्षानुवर्षं केलं. त्यांची नावं इतिहासात येत नाहीत, पण लाइनीचं आयुष्य त्यांच्या हातात होतं.

शेवट कशाने झाला

प्रवासी गाड्या १९५१ मध्ये बंद झाल्या. त्यात नवल काहीच नाही; बस गावाच्या चौकात थांबते आणि निम्म्या वेळात पोचवते. त्यानंतर उरलं फक्त बीट.

बीटाची वाहतूक रुळांवरून हटली ती रबरी टायरमुळे. देकोव्हिलच्या १८७५ च्या कल्पनेचा पायाच मुळी असा होता की चिखलात लाकडी-लोखंडी चाक रुततं आणि रुळावर चाक हलकं पळतं. ट्रॅक्टर आणि हवेच्या टायरचा ट्रेलर आला, शेतरस्ते पक्के झाले, आणि तो पायाच निघाला. ट्रेलर शेताच्या बांधावर भरायचा आणि थेट कारखान्याच्या काट्यावर न्यायचा. मध्ये वाघिणीत भरणं नाही, पुन्हा उतरवणं नाही. मोठ्या रेल्वेला द्यायचा माल तूरीला रुंद रुळांच्या डब्यांत हाताने हलवावा लागे, हा अरुंद लाइनीचा जुना दोषही आता जास्त बोचू लागला. इंजिनं टाकाऊ भावात मिळत होती तोवर हे सगळं खपून गेलं. पण तिसरं युद्ध झालं नाही, सैन्यांनी साठ सेंटिमीटरची रेल्वे सोडून दिली, आणि स्वस्त इंजिनांचा झरा आटला. १९६४ च्या हंगामासोबत लाइन थांबली.

उशिरा मरण्याचा फायदा

१९३५ मध्ये बंद पडलेल्या लाइनींचं सगळं भंगारात गेलं, कारण तेव्हा जुनी इंजिनं वाचवण्याची कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. १९६४ पर्यंत चित्र बदललं होतं. वेल्समध्ये हौशी मंडळींनी बंद पडलेल्या अरुंद लाइनी पुन्हा चालवून दाखवल्या होत्या आणि फ्रान्समध्येही छोट्या रेल्वेंचे चाहते संघटित झाले होते. लाइन बंद झाल्यावर दीड वर्षाच्या आत, १९६६ मध्ये, पितिव्हिएच्या स्थानकात वाहतूक संग्रहालय सुरू झालं आणि तिथून बेलेबापर्यंतचे चार किलोमीटर रूळ वाचले. स्वयंसेवक आजही त्यावर गाड्या चालवतात.

३-२३ ला वेगळं नशीब मिळालं. एका ब्रिटिश रेल्वेप्रेमीने ते विकत घेतलं आणि १९६७ मध्ये ते वेल्समधल्या फेस्टिनिओग रेल्वेवर पोचलं. तिथली रुंदी ५९७ मिलिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटरचा फरक. पण बोसच्या मोकळ्या आकाशाखाली चालणारं इंजिन तिथल्या ठेंगण्या बोगद्यांत मावत नव्हतं, त्यामुळे केबिन कापून नव्याने बांधावी लागली. तिथल्या एका जुन्या इंजिनाचं ‘माउंटनियर’ हे नाव त्याला दिलं गेलं, आणि २००६ पर्यंत ते पर्यटकांच्या गाड्या ओढत राहिलं.

सोम नदीच्या खोऱ्यातली फ्रोआसी–दोंपिएर ही साठ सेंटिमीटरची दुसरी वाचलेली लाइनही याच साच्यातली. पहिल्या महायुद्धात आघाडीसाठी घातलेली, नंतर दोंपिएरच्या साखर कारखान्याने वापरलेली, आणि १९७० च्या आसपास हौशी लोकांनी ताब्यात घेतलेली. साखरेने या दोन्ही लाइनींना इतकी वर्षं कामाला ठेवलं की वाचवणारे हात येईपर्यंत त्या जिवंत होत्या. या दोन्ही वाचलेल्या लाइनींच्या मागे बीट आहे, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

तूरीचा साखर कारखाना बंद करण्याचा निर्णय त्याच्या मालक सहकारी संस्थेने २०१९ मध्ये जाहीर केला. पितिव्हिएला लागून असलेल्या पितिव्हिए-ल-व्हिएय इथल्या कारखान्यात मात्र बीट अजून येतं. शरद ऋतूत त्याच्या दारात आता लॉऱ्यांची रांग असते.